जॅझमधील उपज : एका गीताचा अभ्यास

जॅझ म्हणजे निव्वळ गोंगाट, अशी आपल्याकडे पुष्कळांची समजूत आहे. जॉनी ग्रीन यांनीं १९३० सालीं चाल दिलेलें 'बॉडी अँड सोल' हें संथ गीत अभ्यासल्यास ती सहज दूर होईल.

चार मात्रांचें एक, अशीं या गीताचीं ३२ आवर्तनें. त्यांचे आठ-आठांचे चार भाग. पहिला, दुसरा व चौथा सारखे, तिसरा निराळा. आपल्या गायनांत तंबोऱ्याचा षड्ज अढळ असतो. येथें सुरावटीखालीं तीन-चार स्वरांचे मेळ सारखे बदलत राहतात. चार आवाजांत उपासनागीतें म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांस हें नवें वाटणार नाहीं.

पेटीवर प्रयोग करावा. चितेगावच्या भजनी मंडळाची पेटीही पुरेल. प्रथम रे, म, ध, सा एकदम दाबावे. मग प, नी, रे, म. शेवटीं सा, ग, प. सर्व स्वर शुद्ध. पहिल्या मेळांतील सा दुसऱ्यांत नीवर उतरतो, दुसऱ्यांतील म तिसऱ्यांत गवर. उतार अर्ध्या स्वराचा, पण कानास घरीं परतल्यासारखें वाटतें. गीताचा आरंभ रेच्या मेळापासून होतो. घर मागाहून येतें.

तिसऱ्या भागांत तर षड्जच अर्धा स्वर वर सरकतो, चार आवर्तनांनंतर मूळ जागेच्याही अर्धा स्वर खालीं जातो, आणि मग मेळ अर्ध्या-अर्ध्या स्वरानें उतरत पुन्हां आरंभास मिळतात. जुन्या षड्जावरील ताना येथें तशाच चालू ठेवणारा तत्काळ बेसूर होतो.

सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्स यांनीं ११ ऑक्टोबर १९३९ रोजीं न्यूयॉर्क येथें हें गीत मुद्रित केलें. मूळ चाल आरंभीं किंचित् दिसते. पुढें सर्व उपज. तरी जाणत्यास गीत ओळखूं येतें, कारण खालचे मेळ तेच असतात.

ही विद्या मुंबईंत रुजविण्यांत गोमंतकीय वादकांचा वाटा मोठा. गोव्यांतील चर्चच्या शाळांत त्यांस स्वरलिपि शिकावयास मिळे. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, ऊर्फ चिक चॉकलेट (मृत्यु १९६७), ताजमहाल हॉटेलांत ट्रंपेट वाजवीत, पुढें सी. रामचंद्र यांच्या चित्रपटसंगीतांतही त्यांनीं काम केलें. परंतु उपज कोणत्याच लिपींत लिहिलेली नसते. तिच्यासाठीं आधीं प्रत्येक मेळांतून पुढच्या मेळांत उतरणारा तो एकच स्वर गावा, आणि तो धागा पाठ झाला म्हणजे मगच त्याभोंवतीं दोन-चार स्वर गुंफावे.