गिझरमधील पाण्याचा दाब : किती असावा, कसा ओळखावा?



बेळगावच्या जुन्या घरांत न्हाणीघरात तांब्याचा बंब असे. मधल्या नळीत निखारे आणि भोवती पाणी. पाणी कितीही तापले तरी बंब फुटण्याची भीती नसे, कारण त्याचे तोंड उघडे असे. वाफेला बाहेर पडायला वाट होती. आजच्या विजेच्या गिझरची टाकी मात्र बंद असते. म्हणून गिझरला एक वस्तू जास्तीची लागते, ती म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह. तिचे काम समजून घेण्यासाठी आपण आधी दाब म्हणजे काय ते पाहू.

उंचीमुळे येणारा दाब

गच्चीवरील टाकी लहान की मोठी, यावर नळाच्या पाण्याचा दाब ठरत नाही. तो ठरतो टाकीतील पाण्याच्या उंचीवर. १० मीटर उंच पाण्याचा दाब सुमारे १ बार असतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण १ किलोचा भार. नळकाम करणारे मेस्त्री 'दोन किलो प्रेशर' म्हणतात, तेव्हा त्यांना सुमारे २ बारच सांगायचे असतात.

टाकी गिझरपेक्षा ३ मीटर उंच असेल तर दाब ०.३ बार. दहा मजली इमारतीत तळमजल्यावर, मजल्याला ३ मीटर धरले तर, सुमारे ३ बार. प्रेशर पंप बसवला असेल तर त्याचा दाब यात मिळवावा लागतो.

गिझर किती दाब सोसतो?

गिझरच्या अंगावरील पट्टीवर 'रेटेड प्रेशर' लिहिलेले असते. साठवणुकीच्या अनेक गिझरवर ०.६५ किंवा ०.८ मेगापास्कल असा आकडा दिसतो. १ मेगापास्कल म्हणजे १० बार, म्हणून ०.८ मेगापास्कल म्हणजे ८ बार. नळाचा दाब या आकड्याच्या बराच खाली राहिला पाहिजे. तो जास्त असेल तर गिझरच्या आधी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवावा लागतो.

तापल्यामुळे वाढणारा दाब

मग ३ बारच्या घरात ८ बारचा गिझर असला की काळजी मिटली का? नाही. पाणी २० अंशांवरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की सुमारे दीड टक्का फुगते. २५ लीटरच्या गिझरमध्ये हे जादा पाणी जवळजवळ ३७५ मिलिलीटर होते. पाणी सहज दाबले जात नाही. नळ बंद आहेत, आणि पाणी मागे जाऊ न देणारी झडपही बंद आहे. अशा वेळी टाकीतील दाब झपाट्याने वाढतो. ठरलेल्या दाबाला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि थोडे पाणी बाहेर सोडतो.

म्हणजे पाणी तापत असताना व्हॉल्व्हमधून थेंब पडणे हा बिघाड नव्हे, ते त्याचे कामच आहे. ही गळती समजून कित्येक घरांत तेथे बूच ठोकले जाते किंवा नळी बांधून टाकली जाते. यासारखी धोक्याची गोष्ट दुसरी नाही. थर्मोस्टॅट बिघडला आणि वीज चालूच राहिली, तर बंद टाकीतील पाणी १०० अंशांच्या पुढे जाते. प्रेशर कुकरमध्येही वाढलेल्या दाबामुळे पाणी सुमारे १२० अंशांना उकळते. अशी टाकी फाटली की दाब एकदम उतरतो, काही पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला त्या पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा लागते. हाच स्फोट.

पालक व विश्वस्तांना विनंती

- सेफ्टी व्हॉल्व्हचे तोंड कधीही बंद करू नये. त्याला नळी जोडून ती उतरती, मोकळ्या तोंडाची ठेवावी.
- गिझर बंद असतानाही धार चालू राहिली, तर व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकला असेल किंवा नळाचा दाब जास्त असेल. जाणकाराला बोलवावे.
- क्षाराने व्हॉल्व्ह चिकटूनही बसतो. वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी. वसतिगृहे व सभागृहांतील गिझरची नोंदवही ठेवावी, असे आम्हांस वाटते.
- नवा व्हॉल्व्ह गिझरच्या रेटेड प्रेशरपेक्षा जास्त दाबाचा घेऊ नये.

मुलांनी व्हॉल्व्हला हात लावू नये. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत त्वचा भाजते.

घरचा अभ्यास

१. टाकी गिझरपेक्षा १५ मीटर उंच आहे. दाब किती बार?
२. ०.६५ मेगापास्कल म्हणजे किती बार?
३. १५ लीटरच्या गिझरमधील पाणी दीड टक्का फुगले, तर जादा पाणी किती मिलिलीटर?
४. मोठ्यांना सोबत घेऊन घरच्या गिझरची पट्टी वाचा. रेटेड प्रेशर वहीत लिहा आणि व्हॉल्व्हचे तोंड मोकळे आहे का, ते मोठ्यांना पाहायला सांगा.

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे वर्गात तपासून घ्यावीत. चौथ्याचे उत्तर मात्र आजच घरी सांगावे.