स्पीडोमीटर बंद? आधी तपासणीचे पैसे घ्या, मग सेन्सरचे



व्हिडिओ थांबवून थांबवून रीडिंग लिहून घ्यावी लागतात, म्हणून ही तपासणी इथे सविस्तर देतोय.

गाडी येते, काटा शून्यावर. गिऱ्हाईक स्वतःच सांगतं, "सेन्सर गेलाय, बदलून टाका." नवीन गॅरेजवाला इथेच फसतो. सेन्सर आणतो, बसवतो आणि काटा जिथल्या तिथे! बहुतेक स्पेअरवाले इलेक्ट्रिकल पार्ट परत घेत नाहीत. पैसे गिऱ्हाइकाकडून घेतले तर ते पुन्हा फिरकत नाही, नाही घेतले तर तुमची त्या दिवसाची कमाई गेली.

आधी गाडी ओळखा. जुन्या मारुती ८०० ला केबल असायची. एबीएसवाल्या बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सवर वेगळा सेन्सर नसतोच, वेग चाकांच्या सेन्सरवरून मीटरला जातो. आपल्याकडे कारच्या नव्या मॉडेलना एबीएस एप्रिल २०१८ पासून आणि आधीच्या मॉडेलना एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं, म्हणजे अशा गाड्या तुमच्याकडे येणारच. त्यात नसलेला सेन्सर शोधत गाडीखाली झोपू नका. आज आपण घेतोय ती गिअरबॉक्सवर तीन वायरींचा हॉल सेन्सर असलेली, पुढची चाकं ओढणारी कार.

बॉनेट उघडण्याआधी दोन गोष्टी बघा. काटा बंद असूनही किलोमीटर वाढतायत? मग सिग्नल मीटरपर्यंत येतोय, दोष मीटरमध्ये आहे. पेट्रोल आणि टेम्परेचरचे काटेही मेलेत? मग फ्यूज, मीटरचा सप्लाय आणि अर्थ तपासा. या दोन्हींत सेन्सरला हात लावायचं कारण नाही.

मग स्कॅनर. पी०५०० कोड आला की पोरं लगेच पार्टवाल्याला फोन लावतात. कोडचा अर्थ एवढाच, की ईसीएमला वेगाचा सिग्नल नीट मिळत नाही. वायर तुटली तरी हाच कोड येतो. शेजारी माणूस बसवून लाइव्ह डेटा बघा. स्कॅनर ४० दाखवतोय आणि काटा शून्यावर, तर सिग्नल ईसीएमपर्यंत पोचतोय. मग मीटरकडे जाणारी वायर किंवा मीटर बघायचं.

दोन्हीकडे शून्य असेल तर मल्टिमीटर काढा. सेन्सरचा कपलर काढून किल्ली ऑन करा. सप्लायच्या वायरीवर बहुतेक गाड्यांत १२ व्होल्टच्या आसपास मिळतात, काहींत ५, म्हणून वायरिंग डायग्राम जवळ ठेवा. काळी प्रोब आधी बॅटरीच्या निगेटिव्हला लावून मोजा, मग कपलरच्याच अर्थ पिनला. दुसऱ्या वेळी आकडा पडला तर अर्थ खराब. तिसऱ्या, म्हणजे सिग्नलच्या वायरीवरही व्होल्टेज हवं, गाडीप्रमाणे ५ किंवा १२. तिथे शून्य असेल तर वायर मागे कुठेतरी तुटलीय. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली घर करतात, तेव्हा आधी तिकडे टॉर्च मारा. कपलरमध्ये हिरवट गंज किंवा ऑइल आहे का, तेही बघा.

आता कपलर परत लावा आणि सिग्नलच्या वायरीला मागून प्रोब लावा. हँडब्रेक, मागच्या चाकांना ठोकळे, गाडी न्यूट्रल, पुढचं एकच चाक वर, खाली स्टँड. नुसत्या जॅकवर काम करायचं नाही. किल्ली ऑन, इंजिन बंद. चाक हाताने हळू फिरवा. व्होल्टेज शून्य आणि वरचा आकडा यांत उड्या मारत असेल तर सेन्सर चांगला आहे.

उड्या नाहीत? तरी पार्ट मागवू नका. सेन्सर बाहेर काढा, कपलर लावलेलाच ठेवा आणि त्याचा दांडा बोटांनी फिरवा. आता उड्या आल्या तर सेन्सर ठीक, दोष प्लास्टिकच्या छोट्या गिअरमध्ये. त्याचे दात झिजतात. सप्लाय, अर्थ, सिग्नल सगळं बरोबर आणि तरीही आकडा हलत नाही, तर सेन्सर गेलाय. आता करा फोन.

या सगळ्याला तासभर लागतो आणि शेवटी निघते एक कुरतडलेली वायर. बिल कशाचं करणार? म्हणून तपासणीचा चार्ज गाडी आत घेतानाच सांगा आणि जॉब कार्डवर लिहा. काम तुमच्याकडेच केलं तर हा चार्ज माफ करा, असं बरेच जण शिकवतात. मला ते पटत नाही. तपासणी फुकट मिळते ही सवय एकदा लागली की मोडत नाही. त्यापेक्षा मोजलेले आकडे कार्डवर लिहून गिऱ्हाइकाला दाखवा, पैसे कशाचे आहेत ते त्याला दिसतं.

सिग्नलच नसेल तर त्या काळात चाललेले किलोमीटर मोजलेच जात नाहीत. ऑइल बदलायची वेळ चुकते, गाडी विकताना संशय येतो. म्हणून बिलावर तारीख आणि रीडिंग लिहाच. मीटर बदलावं लागलं तर जुनं आणि नवं दोन्ही रीडिंग लिहा. "जरा कमी करून द्या" म्हणणारं गिऱ्हाईक भेटेलच, त्याला सरळ नाही म्हणा.

शेवटची ट्रायल गिऱ्हाइकाला शेजारी बसवूनच घ्या. काटा मोबाइलच्या जीपीएसपेक्षा थोडा जास्त दाखवतो, ते कंपनीकडूनच तसं असतं. हे निघण्याआधीच त्याला सांगून ठेवा, नाहीतर गाडी दुसऱ्या दिवशी परत दारात.