बोट वर घेताना: क्रेनचा हिशेब आधी, हूक नंतर

मंडळी, १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस आपली मासेमारी बंद. बंदी लागायच्या आधी मालीम, कुटबण, शापोरा, सगळीकडे एकच घाई. कुणाला बोट वर घ्यायची, कुणाला इंजिन काढायचं, कुणाला पंखा बघायचा. क्रेन तासावर भाड्याने, म्हणून सगळ्यांना लवकर मोकळं व्हायचं असतं. नेमकी हीच वेळ अपघाताची. बोट पडली तर आयुष्याची कमाई जाते आणि खाली माणूस असला तर घरचा माणूस जातो. म्हणून आजचा धडा उचलण्याचा.

१. वजन किती, हे आधी ठरवा

"नऊ टनाची बोट आहे" हे आपण रिकाम्या बोटीचं सांगतो. पण आत काय आहे? एक हजार लिटर पाणी म्हणजे पूर्ण एक टन. तळात साचलेलं पाणी, टाकीतलं डिझेल (५०० लिटर म्हणजे सव्वाचारशे किलोच्या आसपास), उरलेला बर्फ, ओली जाळी, साखळ्या, नांगर. हे सगळं धरलं तर नऊचे अकरा टन सहज होतात. म्हणून उचलण्याआधी पाणी उपसा, बर्फ आणि जाळी उतरवा.

आणखी एक गोष्ट. बोट पाण्यात असते तेव्हा तिचा भार पाण्यानेच पेललेला असतो. उचलायला लागल्यावर क्रेनला सुरुवातीला हलकं वाटतं. पूर्ण वजन हुकावर येतं ते तळ पाण्याबाहेर आल्यावर. "उचलली की हो!" असं तेव्हा म्हणू नका, खरी परीक्षा तिथेच सुरू होते. त्यात लाट असेल तर बेल्ट एकदा सैल, एकदा ताठ होतो आणि झटका बसतो. झटक्याचा जोर बोटीच्या वजनापेक्षा जास्त असतो. पाणी शांत असेल तेव्हाच उचला.

२. "१४ टनाची हायड्रा" म्हणजे काय?

१४ टन हा आकडा बूम आखूड आणि वजन क्रेनच्या अगदी जवळ असतानाचा. बूम जसजसा लांब आणि आडवा जातो तसतशी ताकद झपाट्याने घटते. वखारीत पोतं छातीशी धरून नेणं आणि हात लांब करून नेणं, तोच फरक. जेटीच्या कडेपासून बोट जितकी लांब, तितकी क्रेन कमजोर. केबिनमध्ये लोड चार्ट असतो. ऑपरेटरला विचारा, "एवढ्या अंतरावर ही किती उचलेल?" चार्ट नाही किंवा उत्तर "होईल हो" असं आलं, तर काम थांबवा.

वजन घेऊन हायड्रा वळते तेव्हाही ती उलटायला सोपी होते. जमीन सपाट आणि टणक हवी, चाल हळू हवी, वजन जमिनीलगत हवं. जुन्या जेटीच्या अगदी कडेला, तडा गेलेल्या काँक्रीटवर क्रेन उभी करू नका. वर वीजतारा आहेत का तेही बघा.

३. बेल्ट, वायर आणि कोन

समजा इंजिन १ टनाचं आहे आणि दोन वायरींनी उचलतोय. वायर आडवीशी किती कोन करते त्यावर प्रत्येकीवरचा ताण बदलतो:

• ६० अंश: सुमारे ५८० किलो
• ४५ अंश: सुमारे ७१० किलो
• ३० अंश: पूर्ण १ टन
• १५ अंश: जवळजवळ २ टन!

इंजिन तेच, पण वायर पसरली की ताण वाढला. कोन मोजायला यंत्र नको. दोन हुकांमधलं अंतर एका वायरीच्या लांबीपेक्षा जास्त होऊ देऊ नका. तिन्ही बाजू सारख्या झाल्या तर कोन ६० अंशांचा. हा नियम पाठ करून ठेवा.

पॉलिस्टर बेल्टचा रंग क्षमता सांगतो: जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३, करडा ४, लाल ५. तरी रंगावर न जाता लेबल वाचा. फास टाकून बांधला तर क्षमता साधारण २० टक्क्यांनी कमी होते. लेबल गेलेला, कडेला कापलेला, उन्हाने कडक झालेला बेल्ट बाजूला काढा. त्याला गाठ मारून तर कधीच वापरू नका. बोटीच्या धारदार कडेवर बेल्टखाली जुनं रबर किंवा टायरचा तुकडा घाला. वायरीची तारं तुटलेली, पिळ सुटलेला किंवा मुरड पडलेली असेल तर ती भंगारात. खारं पाणी वायर आतून खातं, वरून चकचकीत दिसली तरी फसू नका.

४. इशारा एकाचाच

आपले बरेच खलाशी ओडिशा, झारखंड, कर्नाटकातून आलेले. भाषा वेगळी, त्यात इंजिनाचा आवाज. म्हणून ओरडून नाही, हाताने सांगायचं. बोट वर करून गोल फिरवलं की "उचल". हात खाली, बोट खाली करून गोल फिरवलं की "उतरव". इशारा देणारा एकच माणूस, तो ऑपरेटरला दिसेल अशा जागी. पण "थांब" मात्र कुणीही म्हणू शकतो, अगदी पोऱ्यासुद्धा, आणि म्हटलं की ऑपरेटरने थांबायचंच. हे सकाळी सगळ्यांना एकदा दाखवून घ्या.

५. लोंबत्या बोटीखाली कुणी नाही

"दोन मिनिटं, पंखा बघून येतो", "तळाचे शिंपले खरवडतो". नाही. आधी बोट मजबूत लाकडी ठोकळ्यांवर टेकवा, दोन्ही बाजूंनी आधार द्या, हूक सैल करा, मग खाली जा. डोलणारी बोट हाताने धरायची नाही. पुढे-मागे लांब दोऱ्या बांधून दुरून सांभाळा. बघ्यांना आणि पोरांना लांब ठेवा.

उचलायचंच झालं तर आधी वीतभर उचला आणि थांबा. क्रेन बसतेय का, बेल्ट सरकतोय का, बोट कलतेय का, बघा. सगळं ठीक असेल तरच पुढे.

क्रेन बोलावताना भाड्याआधी एक प्रश्न विचारा: गेल्या बारा महिन्यांत सक्षम तज्ज्ञाने क्रेन तपासल्याचं प्रमाणपत्र आहे का? आहे तर दाखवा म्हणा.

तांडेल आणि बोटमालकांनो, ही पोस्ट आपल्या खलाशांना वाचून दाखवा. ज्यांना मराठी येत नाही त्यांना हाताचे इशारे करून दाखवा. ऑगस्टमध्ये बोटी पुन्हा पाण्यात घालायच्या आहेत, तेव्हाही हेच नियम लागू. सगळे सुखरूप असू दे.