काळ्या-पांढऱ्या फोटोला हाताने रंग देताना

आम्ही कापडवाले. रंग कच्चा की पक्का, हे आम्हाला पहिल्या धुण्यात कळते. फोटोला मात्र धुणे नाही. आमच्या मरहूम वालिदांचा एकच फोटो होता. तो आम्ही एका कारागिराला रंगवायला दिला. त्याने मूळ फोटोवरच पाण्यातला रंग चढवला. गाल लालभडक झाले, ते आजही तसेच आहेत.

असे का झाले? फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. पाण्यात विरघळणारा रंग सुतात मुरावा तसा त्यात मुरतो, मग निघणे कठीण. तैलरंग वर बसतो. ओला असेपर्यंत टर्पेंटाइनच्या कापसाने पुसता येतो. म्हणून नवशिक्याने तैलरंगच घ्यावा.

आधी मूळ फोटोची प्रत काढावी. प्रत मॅट फोटो-कागदावर, जराशी फिकट असावी; चकचकीत कागद तैलरंग नीट धरत नाही. रंग पारदर्शक घ्यावा. कापसाने अगदी थोडा लावून चोळत पसरावा. सावल्या फोटोतल्याच दिसाव्यात, रंगाखाली झाकू नयेत. ओठ, डोळे, दागिने शेवटी, काडीला कापूस गुंडाळून करावेत. सुकायला काही दिवस द्यावेत.

शेरवानी, साडी, ओढणी कोणत्या रंगाची होती, हे घरच्यांना विचारून लिहून घ्यावे. अंदाजाचा रंग घरचे लगेच ओळखतात.

आज संगणकही रंग भरतो. तरी हाताच्या कामाला गिऱ्हाईक आहे. पण मूळ फोटो ही अमानत आहे. ती जशी घेतली तशीच परत करावी.