बाजारभाव कळला, पुढे काय?

शेतमालाच्या सौद्यात माल शेतकऱ्याचा, पैसा व्यापाऱ्याचा आणि भावाची खबर बहुतेक वेळा एकट्या व्यापाऱ्यालाच, अशी स्थिती असते. व्यापारी रोज बाजारात बसतो. छोटा शेतकरी वर्षातून दोन-चार वेळाच माल विकतो. ही तफावत आजची नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळी मदीनेच्या बाजारात बाहेरून माल घेऊन काफिले येत. काही चतुर व्यापारी शहराबाहेर जाऊन त्यांना वाटेतच गाठत आणि बाजारात काय भाव चालू आहे हे त्यांना कळण्याआधीच स्वस्तात सौदा उरकत. प्रेषितांनी (स.) याला मनाई केली. फिकहच्या ग्रंथांत हा विषय 'तलक्की' या नावाने येतो.

सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून जी हदीस आली आहे, तिचा दुसरा भाग आम्हाला विशेष महत्त्वाचा वाटतो. वाटेत सौदा झालाच, तर मालाचा धनी बाजारात पोचल्यावर त्याला अधिकार आहे, सौदा कायम ठेवावा किंवा मोडावा. शाफई मसलकात (कोकणातील आपले बहुतेक बंधू याच मसलकाचे) फसगत झाली असल्यास हा अधिकार मान्य आहे. हनफी फुकहांनी येणाऱ्यांपासून भाव लपवून केलेली खरेदी मकरूह ठरविली आहे. म्हणजे विक्रेत्याला नुसती खबर मिळून भागत नाही, त्या खबरीप्रमाणे वागण्याची मोकळीकही हवी. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत विकसनशील देशांत बाजार-माहितीच्या ज्या योजना निघाल्या, त्या तपासायला ही कसोटी फार उपयोगी पडते.

प्रथम केरळचे उदाहरण. ते मच्छिमारांचे असले तरी सर्वांत गाजलेले आहे. उत्तर केरळात 1997 ते 2001 या काळात मोबाईल फोन आले. त्याआधी एका किनाऱ्यावर गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी फेकावी लागे आणि दहा-पंधरा किलोमीटरवर गिऱ्हाईक मासळीविना परत जाई. फोन आल्यावर होडीतूनच भाव विचारून कोणत्या बंदराला जायचे ते ठरू लागले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाच्या 2007 मधील अभ्यासानुसार मच्छिमारांचा नफा सुमारे 8 टक्के वाढला आणि ग्राहकाला मासळी सुमारे 4 टक्के स्वस्त मिळाली. होडी कुठेही वळवता येते, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

आता पश्चिम बंगालचा बटाटा पाहा. 2008 मध्ये हुगळी व पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यांतील 72 गावांत संशोधकांनी एक प्रयोग केला. काही गावांत घाऊक बाजाराचे रोजचे भाव सार्वजनिक जागी फलकावर लावले, काही गावांत निवडक शेतकऱ्यांना फोनवर कळविले आणि उरलेल्या गावांत काहीच केले नाही. शेतकऱ्यांना मिळालेल्या सरासरी भावात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. कारण उघड होते. तेथील छोटा शेतकरी आपला बटाटा गावातल्या 'फडिया'ला, म्हणजे स्थानिक व्यापाऱ्यालाच विकतो. घाऊक बाजारातले मोठे खरेदीदार अनोळखी शेतकऱ्याच्या दहा-वीस पोत्यांना दारात उभे करत नाहीत. मंडीचा भाव चढा आहे हे फडियाला तोंडावर सांगता येते. पण तो "मग तिथेच ने" म्हणाला की बोलणे संपते! खबर हातात होती, वाट नव्हती.

मध्य प्रदेशात 2000 साली सोयाबीनसाठी वेगळा प्रकार घडला. एका मोठ्या कंपनीने गावोगाव संगणक बसवून मंडीचे भाव दाखवले आणि त्याचबरोबर माल थेट विकत घेणारी स्वतःची केंद्रेही उघडली. शेतकऱ्याला दुसरे गिऱ्हाईक मिळताच मंडीतल्या व्यापाऱ्यांनाही भाव वाढवावा लागला. ही वाढ 1 ते 3 टक्क्यांची होती. आकडा लहान दिसतो, परंतु केंद्रावर माल न नेता मंडीतच विकणाऱ्यालाही ती मिळाली.

आपल्या महाराष्ट्रातही 100 गावांत, मोबाईलवर भाव व हवामान कळविणाऱ्या एका सशुल्क सेवेची अशीच परीक्षा झाली. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावावर दखलपात्र परिणाम आढळला नाही. आमच्या मते येथे अडचण खबरीची कमी आणि गाडीभाड्याची जास्त आहे.

हिशोब मांडून पाहू. समजा, खळ्यावर येणारा व्यापारी कांद्याला क्विंटलला 1,400 रुपये देतो आणि बाजार समितीत सर्वसाधारण दर 1,700 आहे. टेम्पोचे भाडे 3,000 रुपये, हमाली-तोलाई वगैरे क्विंटलला 40 रुपये धरू. ज्याच्याकडे 20 क्विंटल आहेत त्याला भाडे क्विंटलला 150 पडते. हाती 1,510 येतात, म्हणजे 110 रुपये जास्त. ज्याच्याकडे 5 च क्विंटल आहेत त्याला तेच भाडे क्विंटलला 600 पडते आणि हाती 1,060 उरतात. त्याने भाव ऐकून काय करायचे? पण असे चार शेतकरी एका टेम्पोत माल भरतील, तर चौघांनाही 1,510 चाच हिशोब लागू होतो. प्रत्येकाच्या गोण्यांवर वेगळी खूण आणि प्रत्येकाची वेगळी पट्टी, एवढे पाळले म्हणजे पुढे कुरबुर होत नाही.

राज्य कृषी पणन मंडळ व केंद्राचे ॲगमार्कनेट यांवर रोजचे दर फुकट पाहता येतात. तेथे कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. जास्तीत जास्त दर थोड्याच निवडक मालाला मिळालेला असतो. त्यावर डोळा ठेवून निघालेला माणूस पस्तावतो. सर्वसाधारण दर धरावा, आणि तोही एका दिवसाचा नव्हे, मागील आठवडाभराचा. शेजारीच आवकेचा आकडा असतो, तो वगळू नये. आवक रोज वाढत असेल तर कालचा दर उद्या मिळेलच असे नाही. माल विकून आल्यावर पट्टीवरचा दर त्याच दिवशीच्या प्रसिद्ध दरांशी ताडून पाहावा. दोन-तीन खेपांत सारखाच मोठा फरक दिसला, तर पुढची खेप दुसऱ्या आडत्याकडे नेण्यास काही हरकत नाही.