'नको' म्हणण्याआधी

साठी ओलांडली असेल, तर जरा कान देऊन ऐका. मी ऐंशीच्या घरात आहे आणि दिग्रस तालुक्यातल्या गावात म्हातारपण कसं येतं ते रोज बघते. देश स्वतंत्र झाला तेव्हा सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होतं, आज ते 70 च्या घरात आहे. तेव्हा घरात सहा-सात लेकरं असायची. आता दोन, आणि तीही पुण्या-नागपुरात. आयुष्य वाढलं, उशाशी बसणारी माणसं कमी झाली. म्हणून दुखण्याची तजवीज हातपाय चालताहेत तोवरच करायची.

आधी कार्ड काढा. सत्तरी गाठलेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, 'आयुष्मान वय वंदना' कार्ड मिळतं. ऑक्टोबर 2024 पासून ही सोय आहे. वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात. सत्तरीच्या आतल्यांना महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. पण आमच्या बायांचं घोडं अडतं ते अंगठ्याशी. जन्मभर निंदण करून, कापूस वेचून बोटांच्या रेषा झिजलेल्या. यंत्र अंगठा घेतच नाही. मग ओटीपी मागतात, आणि आधारला नंबर जोडलेला असतो पुण्याच्या पोराचा. तो कामावर, फोन उचलत नाही, बाई हात हलवत परत. म्हणून आधारला आपल्याजवळच्या फोनचा नंबर लावून घ्या. अंगठा उमटत नसेल तर डोळ्यांवरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवता येते का ते विचारा.

कार्ड, आधार, रेशन कार्ड, जुन्या चिठ्ठ्या आणि रोजच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं एका पिशवीत घालून खुंटीला टांगा, आणि ती कुठे आहे ते शेजारणीलाही सांगून ठेवा. मोठ्या दवाखान्यात गेलं की पैसे भरण्याआधी विचारायचं, हा दवाखाना योजनेत आहे का, हा आजार बसतो का, योजनेच्या कामात मदत करणारा आरोग्यमित्र कुठे बसतो. बीपी-शुगरच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. त्या मात्र बरं वाटलं म्हणून सोडू नका. लकवा मारला की घराचा सगळा हिशेब कोलमडतो.

आता जे मला मनापासून सांगायचं आहे ते. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बाया पटकन म्हणतात, "आता माझं काय राहिलं, नको तो खर्च." मोतीबिंदूने चुलीतला जाळ दिसेना तरी नकोच. हे 'नको' माझ्या लेखी खरं नाही. ते वावर गहाण पडेल या भीतीपोटी येतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात फुकट होतं. दिसायला लागलं की पुढची दहा वर्षं कोणाचा हात धरावा लागत नाही. अशा उपचाराला नाही म्हणू नका.

दुसरं 'नको' वेगळं. बरं होण्याची आशा संपली, तरी नळ्या आणि व्हेंटिलेटर लावून दिवस ढकलायचे का, हे ठरवण्याचा हक्क ज्याचा देह त्याचा. सुप्रीम कोर्टाने 9 मार्च 2018 ला तो मान्य केला आणि 2023 मध्ये रीत सोपी केली. शुद्धीवर असताना, दोन साक्षीदारांसमोर, आपली इच्छा लिहायची. नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही करायची. आपल्या वतीने बोलणाऱ्या माणसाचं नाव त्यात घालायचं. एक प्रत घरच्यांना, एक नेहमीच्या डॉक्टरला. असा कागद केल्याने दुखणं कमी करणारं औषध बंद होत नाही. कागद नसेल, तर पोरगा अतिदक्षता विभागाबाहेर एकटा उभा राहतो. थांबा म्हणावं तर लोक काय म्हणतील, चालू द्या म्हणावं तर शेत विकायचं. एवढं ओझं लेकराच्या डोक्यावर का द्यायचं?

आणि वावर पोरांच्या नावे करायचंच असेल, तर बक्षीसपत्रात 'आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द घाला. पोरांवर अविश्वास नको, पण शब्द असू द्या. सांभाळ झाला नाही, तर 2007 च्या कायद्याने उपविभागीय अधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. अट लिहिलेली नसेल तर तिथे फार जड जातं.

या दिवाळीत पोरं घरी आली की फराळ झाल्यावर त्यांना जवळ बसवा आणि हे सगळं तुमच्याच तोंडून सांगा. ती "असं अभद्र नका बोलू" म्हणतील. तरी बोला.