वठलेल्या झाडावरील अळंबी

झाड वठलें म्हणजे त्याचा उपयोग सरपणापुरता उरला, असें आपण समजतों. परंतु युरोपांतील बीच वृक्षांच्या रानांत अशा खोडांवर लोक मुद्दाम नजर ठेवून असतात. थंडीनें इतर छत्र्या नाहींशा होऊं लागल्या, कीं ह्या खोडांच्या कुशींतून करड्या रंगाचे पंखे एकावर एक असे बाहेर पडतात. आकार शिंपल्यासारखा, म्हणून हिचें नांव कालव-अळंबी. जर्मनींतील एक धर्मोपदेशक व शिक्षक पाउल कुमर यांनीं इ. स. १८७१ मध्यें हिला प्ल्यूरोटस कुळांत घातलें; त्या शब्दाचा अर्थ 'बाजूचा कान' असा होतो. खोडाच्या बाजूस चिकटलेली अळंबी ज्यानें पाहिली असेल, त्यास हें नांव किती समर्पक आहे तें सांगावयास नको.

आपल्या दृष्टीस पडतो तो पंखा म्हणजे केवळ फळ होय. खरें शरीर लांकडाच्या आंत, सुतासारख्या पांढऱ्या तंतूंच्या रूपानें पसरलेलें असतें. लांकडास टणकपणा देणारें लिग्निन नांवाचें द्रव्य फारच थोड्या जीवांस पचतें. हे तंतु तें विरघळवितात आणि खोड पांढुरकें व भुसभुशीत होऊन शेवटीं मातीस मिळतें.

परंतु लांकूड हें निकस अन्न आहे. त्यांत नत्र अत्यल्प, आणि नत्रावांचून कोणत्याहि जीवाचें शरीर वाढत नाहीं. ही उणीव कशी भरून निघते? इ. स. १९८४ मध्यें कॅनडांतील थॉर्न व बॅरन ह्या संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, ही अळंबी चक्क शिकार करते! कुजक्या लांकडांत सूत्रकृमि नांवाचे अतिसूक्ष्म किडे वळवळत असतात. अळंबीच्या तंतूंवर, काडीच्या टोकास गोळी लावावी तसे, बारीक फुगे असतात. कृमीच्या स्पर्शानें फुगा फुटतो, आंतील विष त्यास लागतें व कांहीं मिनिटांत तो लुळा पडतो. मग तंतु त्याच्या देहांत शिरून त्यांतील सत्त्व शोषून घेतात. हें विष ऑक्टॅनोन जातीचें असल्याचें २०२३ मध्यें तैवानांतील संशोधकांनीं प्रसिद्ध केलें. ही हकीकत वाचून आमच्या शाकाहारी वाचकांस थोडें अवघडल्यासारखें होईल खरें!

आतां पालकांनीं विशेष लक्ष द्यावें अशी गोष्ट. 'जमिनीवरची विषारी, लांकडावरची निर्धोक' ही समजूत साफ खोटी आहे. जपानांत बीचच्याच मृत खोडांवर 'त्सुकियोताके', म्हणजे 'चांदण्या रात्रीची अळंबी', उगवते. काळोखांत ती मंद प्रकाशते. दिवसां मात्र खाण्याच्या अळंबीसारखीच भासते, आणि तिच्यामुळें पुष्कळ लोक ओकारी व अतिसारानें आजारी पडतात. बरें, पूर्वजांनीं खाल्ली म्हणून चांगली म्हणावी, तर तेंहि पुरेसें नाहीं. तेथीलच 'सुगी-हिराताके' ही सूचिपर्णी वृक्षांच्या ओंडक्यांवरील पांढरी अळंबी लोक पिढ्यान् पिढ्या खात असत. २००४ च्या शरदृतूंत ती खाल्ल्यावर मेंदूचा विकार जडून १७ जण दगावले. त्यांपैकीं पुष्कळांस आधींपासून मूत्रपिंडाचा विकार होता. चांदीचें नाणें काळें न पडणें, किड्यांनीं खाल्लेली असणें, ह्या घरगुती कसोट्यांवर तर मुळींच विसंबूं नये. कित्येक विषें शिजवूनहि नाश पावत नाहींत. कोंकणांत पावसाळ्यांत वारुळांवर येणारी अळंबी जाणतीं माणसें ओळखून आणतात. पण ती जाति निराळी, आणि ती ओळख लांकडावरील छत्रीस लागू पडत नाहीं. मुलांनीं रानांत अशी छत्री दिसल्यास पाहावी, तिचें चित्र काढावें. घरीं आणून आईस शिजविण्याचा आग्रह करूं नये.

ज्यांस ती चाखावयाची असेल त्यांच्यासाठीं दुसरा मार्ग आहे. पहिल्या महायुद्धांत अन्नाचा तुटवडा पडला असतां जर्मनींत हिची लागवड सुरू झाली. आपल्याकडे ह्याच कुळांतील जाति 'धिंगरी' नांवानें भाताच्या पेंढ्यावर किंवा गव्हाच्या काडावर वाढवितात. पेंढा बारीक कापून भिजवावा, गरम पाण्यांतून काढून निथळावा आणि बियाण्याचे थर देत पिशव्यांत भरावा. सुमारें तीन आठवड्यांत पेंढा पांढऱ्या जाळ्यानें वेढला जातो. मग पिशवी फाडून पाणी शिंपडीत राहावें. पंख्यांच्या कडा वर वळण्यापूर्वींच तोडणी करावी. उशीर झाल्यास त्यांतून असंख्य बीजाणु हवेंत उडतात व कोंदट खोलींत काम करणाऱ्यास खोकला जडतो. म्हणून ही खोली निजण्याच्या खोलीपासून दूर व मोकळ्या हवेची असावी.